पाळीच्या कळा : व्यायाम, चिकटपट्टी आणि घाईचे ऑपरेशन



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या कामाला जातात. मुलगी अकरावीत शिकते. त्या लिहितात, "ताई, माझ्या मुलीला पाळी आली की पहिले दोन दिवस ती अंथरुणातून उठत नाही. उलट्या होतात, पाय गार पडतात. दर महिन्याला कॉलेज बुडते. मी मेडिकलमधून गोळी आणून देते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ती इतकी चिडते की तिच्याशी बोलायची सोय राहत नाही. तिच्या खेळाच्या मॅडमनी सांगितले की व्यायाम कर आणि पोटावर रंगीत चिकटपट्टी लाव, खेळाडू लावतात तशी. ती पट्टी काही शे रुपयांची आहे. खरेच गुण येतो की पैसे पाण्यात? आणि दुसरे असे की माझी बहीण ऊसतोडीला जाते. तिला असाच त्रास होता. डॉक्टरने पिशवी काढली, तेव्हा तिचे वय तिशीच्या आतले. आता शेजारणी म्हणतात, लग्न होऊन एक-दोन मुले झाली की हिचीही काढून टाका, कटकट मिटेल. मला भीती वाटते. काय करावे?"

हे पत्र एका घरचे असले तरी प्रश्न घरोघरचा आहे. म्हणून यावेळी सबंध लेख याच विषयावर लिहीत आहे. आईने वाचावा, मुलीला वाचायला द्यावा, आणि घरातल्या पुरुषमंडळींनी तर जरूर वाचावा.

आधी एक गोष्ट. पाळीला आपल्याकडे 'कावळा शिवला', 'अडचण आली', 'बाहेर बसली' असे म्हणतात. नाव घ्यायचीही चोरी. ज्या समाजाने विटाळाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्या समाजाने आपल्याच लेकीला महिन्यातले चार दिवस विटाळ मानावा हे आपल्याला शोभत नाही. पाळीचे रक्त घाण नसते. गर्भाशयाच्या आतले अस्तर दर महिन्याला तयार होते आणि गर्भ राहिला नाही की सुटून बाहेर पडते, एवढाच त्याचा अर्थ. जिथे लाज असते तिथे दुखणे लपवले जाते, आणि लपवलेल्या दुखण्यावर उपचार होत नाहीत.

दुखते का?

गर्भाशय म्हणजे स्नायूंची बनलेली, मुठीएवढी पिशवी. पाळीच्या वेळी तिच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. या द्रव्यांमुळे पिशवी आवळते आणि अस्तर बाहेर ढकलले जाते. ही द्रव्ये ज्यांच्या शरीरात जास्त तयार होतात, त्यांची पिशवी जोरात आणि वारंवार आवळते. आवळलेल्या स्नायूला रक्त कमी मिळते आणि मग कळा येतात. बोटाला घट्ट दोरा बांधला की बोट ठणकते, तसाच हा प्रकार समजा. हीच द्रव्ये रक्तात मिसळून आतड्यांवरही परिणाम करतात. म्हणूनच काही मुलींना पाळीत उलट्या, जुलाब, डोकेदुखी आणि घाम हा त्रास होतो. तेव्हा "नाटक करते", "कामचुकार आहे" असे मुलीला म्हणणे अन्यायाचे आहे. दुखण्याला शरीरात कारण आहे.

हे साधे दुखणे बहुधा पहिली पाळी आल्यानंतर सहा महिने ते दोन वर्षांत सुरू होते. पाळीच्या काही तास आधी किंवा पाळीबरोबर कळा सुरू होतात, ओटीपोटात, कंबरेत आणि मांड्यांत जाणवतात, आणि एक ते तीन दिवसांत थांबतात. अनेकींचा त्रास वय वाढल्यावर किंवा बाळंतपणानंतर कमी होतो.

मात्र प्रत्येक दुखणे साधे नसते. खालीलपैकी काहीही असेल तर व्यायाम आणि पट्टीच्या भरवशावर न राहता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे :

– पूर्वी न दुखणारी पाळी पंचविशी-तिशीनंतर दुखू लागली, किंवा दुखणे महिन्यागणिक वाढत चालले;
– पाळी संपल्यावरही ओटीपोट दुखते;
– संबंधाच्या वेळी, शौचाला किंवा लघवीला दुखते;
– रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो, दर तासा-दोन तासाला पॅड किंवा कापड बदलावे लागते, किंवा मोठ्या गाठी पडतात;
– दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते;
– ताप येतो, अंगावरून दुर्गंधी असलेला स्राव जातो;
– पाळी चुकली आणि नंतर एकदम तीव्र दुखू लागले. यात एक दिवसही थांबू नये.

अशा दुखण्यामागे पिशवीतल्या गाठी, जंतुसंसर्ग, किंवा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. एंडोमेट्रिओसिस म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखे अस्तर पिशवीबाहेर वाढणे. शाळा, कॉलेज किंवा काम दर महिन्याला बुडावे इतके दुखत असेल तर मुलगी लहान आहे म्हणून सोडून देऊ नये. या भगिनींनी आपल्या मुलीला एकदा तरी तपासून घ्यावे असे माझे सांगणे आहे.

पाळीआधीची चिडचिड

पाळीच्या आधीच्या आठवड्यात-दहा दिवसांत छाती जड होणे, पोट फुगणे, डोके दुखणे, झोप न लागणे, काहीतरी गोड किंवा खारट खावेसे वाटणे, उगीच रडू येणे, राग अनावर होणे हा त्रास पुष्कळ जणींना होतो. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत तो ओसरतो. शरीरातली संप्रेरके या दिवसांत वर-खाली होतात, आणि काहींचा मेंदू त्या बदलाला जास्त जाणवून घेतो. त्यात मुलीच्या वळणाचा किंवा आईच्या संस्काराचा काही संबंध नाही.

हा त्रास पाळीचाच आहे की दुसरा, हे ओळखायला साधा उपाय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिने खुणा करा. पाळीच्या दिवशी फुली मारा. चिडचिड झाली त्या दिवशी 'चि', पोट दुखले त्या दिवशी 'पो', झोप नाही त्या दिवशी 'झो' लिहा. दोन महिन्यांनी खुणा पाळीच्या आधीच गोळा झालेल्या दिसल्या तर कारण कळले. त्या महिनाभर विखुरलेल्या असतील तर कारण वेगळे आहे. डॉक्टरांकडे जाताना तेच कॅलेंडर घेऊन जा. त्यांचाही वेळ वाचतो आणि आपलेही म्हणणे नीट मांडले जाते.

एखादीला या दिवसांत जीव नकोसा होतो, स्वतःला इजा करावीशी वाटते. ते साध्या चिडचिडीच्या पुढचे आजारपण आहे आणि त्यावर औषध आहे. अशा वेळी तिला एकटे ठेवू नका. १४४१६ हा सरकारी 'टेली-मानस'चा फुकट नंबर आहे, त्यावर बोलता येते. डॉक्टरांनाही लवकर दाखवा.

व्यायामाने खरेच फरक पडतो का?

होय, पडतो. २०१९ साली 'कॉक्रेन' या संस्थेने पाळीच्या दुखण्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो, यावर झालेले प्रयोग एकत्र करून तपासले. दहा प्रयोगांतल्या ७५४ स्त्रियांची माहिती त्यात मोजली गेली. आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस, दर वेळी ४५ ते ६० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे शंभराच्या मापावर सुमारे २५ ने कमी झाले. म्हणजे दुखणे शंभरपैकी सत्तर असेल तर ते पंचेचाळीसवर यावे. पडून राहणारी मुलगी उठून बसते, एवढा हा फरक आहे. व्यायाम जोराचा असो की सावकाशीचा, दोन्हींनी गुण आला. हे प्रयोग फार भक्कम दर्जाचे नव्हते असेही त्याच संस्थेने सांगितले आहे. पण व्यायामाला पैसे पडत नाहीत आणि अपाय जवळजवळ नाही, तेव्हा करून पाहण्यात आपले नुकसान नाही.

गुण का येतो? व्यायामाने ओटीपोटाकडे रक्त चांगले फिरते, आखडलेली कंबर आणि मांड्या सुटतात, झोप सुधारते, आणि मेंदूत वेदना दाबणारी द्रव्ये तयार होतात. त्याच कारणाने पाळीआधीची उदासी आणि चिडचिडही पुष्कळांची कमी होते.

इथे माझ्या कष्टकरी भगिनी हटकून विचारतील, "दिवसभर आम्ही काय बसून असतो का? धुणी-भांडी, डोक्यावर घमेली, बारा तास उभे राहून पॅकिंग, मग आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात तेच-तेच स्नायू, एकाच बाजूला, दुसऱ्याच्या वेगाने राबतात. कंबर वाकलेली ती वाकलेलीच राहते आणि श्वास कोंडलेला असतो. व्यायामात आखडलेले मोकळे करायचे असते, आपल्या वेगाने आणि लांब श्वास घेऊन. म्हणून जिचे काम अंगमेहनतीचे आहे तिने वेगळे जोर काढू नयेत. तिने खाली दिलेले ताण सोडण्याचे प्रकार पंधरा-वीस मिनिटे करावेत. जी मुलगी दिवसभर बाकावर बसते, किंवा जी बाई शिलाई मशीनवर बसते, तिने यासोबत अर्धा तास भरभर चालावे. चालण्याचा वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. दोन स्टॉप आधी उतरून घरी चालत आलात तरी ते चालणे धरले जाईल.

चटईभर जागेतले सहा प्रकार

दहा बाय बाराच्या खोलीतही कॉट आणि मोरीच्या मध्ये चटई अंथरता येते. जेवणानंतर निदान दोन तासांनी करावेत.

१. पोटाचा श्वास. उताणे झोपा, गुडघे दुमडून तळवे जमिनीवर. हात पोटावर. नाकाने श्वास घ्या, पोट वर यावे. तोंडाने सावकाश सोडा, पोट खाली जावे. दहा वेळा.

२. कंबर टेकवणे. याच स्थितीत पोट आत घेऊन कंबरेची पोकळी जमिनीला टेकवा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. उभे राहून ज्यांची कंबर धरते त्यांना हा फार उपयोगी.

३. गुडघे छातीशी. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढा, दहा अंक थांबा. मग दुसरा. शेवटी दोन्ही एकत्र. प्रत्येकी तीन वेळा.

४. मांजर. हात आणि गुडघ्यांवर या. श्वास घेताना पाठ खाली झुकवा, मान वर. श्वास सोडताना पाठ मांजरासारखी वर उचला, मान खाली. दहा वेळा.

५. भुजंगासन. पालथे झोपा, तळवे खांद्यांशेजारी. नाभीपर्यंतचा भाग जमिनीवर ठेवून छाती सावकाश उचला. पाच अंक थांबा. पाच वेळा.

६. टाचांवर बसून पुढे वाकणे. वज्रासनात बसून कपाळ जमिनीला टेकवा, हात पुढे पसरा. एक मिनिट तसेच राहून लांब श्वास घ्या. गुडघे दुखत असतील तर मांडीखाली घडी केलेली चादर ठेवा.

यातले मांजर आणि भुजंग हे दोन प्रकार, सोबत मत्स्यासन, इराणमधल्या तरुण मुलींवर तपासले गेले होते. २०११ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला आणि मुलींचे दुखणे कमी झाल्याचे दिसले.

महिनाभर आठवड्यातून किमान तीन दिवस सगळे प्रकार करावेत. ऐन पाळीत पहिले चार आणि शेवटचा, तेही झेपेल तेवढेच. पाळीत व्यायाम केला तर रक्त जास्त जाते किंवा पिशवी सरकते हा गैरसमज आहे. इच्छा असेल तर पळायलाही हरकत नाही, आणि इच्छा नसेल तर आराम करायलाही हरकत नाही. गर्भार स्त्रियांनी, मणक्याचा आजार असलेल्यांनी आणि ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आणि लक्षात ठेवा, एका महिन्यात चमत्कार होत नाही. निदान दोन-तीन पाळ्या जाऊ द्याव्यात, मग फरक पाहावा.

एकटीने व्यायाम टिकत नाही हा सर्वांचा अनुभव आहे. विहाराच्या सभागृहात संध्याकाळी वस्तीतल्या आठ-दहा बायका-मुली जमल्या तर एकमेकींच्या नादाने होतो, आणि बोलणेही मोकळे होते.

रंगीत पट्टीची खरी गोष्ट

आता पट्टीकडे वळू. तिला किनेसिओ टेप म्हणतात. जपानमधल्या डॉ. केन्झो कासे यांनी ती १९७० च्या दशकात तयार केली. सुती कापडात लवचीक धागा आणि मागे गोंद असतो. ती रबरासारखी ताणली जाते आणि अंघोळ केली तरी दोन-चार दिवस टिकते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यांवर ती दिसली आणि जगभर पसरली. पट्टीत औषध नसते, हे आधी समजून घ्यावे. ती शरीरात काही सोडत नाही.

मग काम कसे करते? लागलेल्या जागी आपण हात चोळतो तेव्हा थोडे बरे वाटते. कातडीवरचा स्पर्श आणि दुखणे हे दोन्ही निरोप मज्जारज्जूच्या वाटेने मेंदूकडे जातात, आणि स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या निरोपाला काही प्रमाणात अडवतो. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी हा विचार मांडला. पट्टी कातडीला सतत हलका ताण देते, म्हणून दुखणे कमी जाणवते असे मानले जाते.

पाळीच्या दुखण्यावर या पट्टीचे प्रयोग तुर्कस्तानसारख्या देशांत झाले आहेत. ओटीपोटावर आणि कंबरेखाली पट्टी लावलेल्या मुलींना बरे वाटल्याचे त्यांत आढळले. पण हे प्रयोग थोड्या-थोड्या मुलींवरचे आहेत. दुसरीकडे, ब्राझीलमध्ये जुन्या कंबरदुखीवर २०१४ साली एक प्रयोग झाला. काहींना पट्टी नियमाप्रमाणे ताणून लावली आणि काहींना ताण न देता नुसतीच चिकटवली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे पट्टीच्या तंत्रापेक्षा स्पर्शाचा आणि विश्वासाचाही त्यात वाटा असावा.

म्हणून माझे सांगणे असे. व्यायाम हा मुख्य उपाय आणि पट्टी ही जोडीची. परीक्षा आहे, सामना आहे, कामावर सुट्टी मिळत नाही, अशा महिन्यात ती लावून पाहावी. गुण आला तर चांगलेच, नाही आला तर पुढचा रोल आणू नये. पट्टीसाठी दुधाचे किंवा वह्यांचे पैसे मोडू नयेत. एका रोलमध्ये साधारण पाच मीटर पट्टी असते. चार-पाच मैत्रिणींनी मिळून एक आणला तर काही महिने पुरतो. "पाळीची खास पट्टी" म्हणून दुप्पट दराने विकतात ती घेण्याची गरज नाही.

लावण्याची रीत अशी. पहिल्यांदा शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून लावून घ्यावी आणि शिकून घ्यावी. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग आहे. इतर शहरांतही मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

– आदल्या दिवशी दोन बोटे रुंदीचा तुकडा पोटावर लावून पाहावा. खाज किंवा पुरळ आले तर पट्टी आपल्यासाठी नाही.
– कातडी धुऊन कोरडी करावी. तेल, पावडर नको.
– साधारण वीतभर लांबीचे दोन तुकडे कापावेत. कोपरे गोल करावेत म्हणजे कपड्याला अडकून सुटत नाहीत.
– पहिला तुकडा बेंबीच्या चार बोटे खाली आडवा, दुसरा कंबरेखाली माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर आडवा.
– मधला कागद काढून मधला भाग अगदी हलका ताणून लावावा. दोन्ही टोकांची दोन-दोन बोटे मुळीच ताणू नयेत. टोके ताणली की फोड येतात. जास्त ताणले की जास्त गुण येत नाही.
– लावल्यावर तळहाताने अर्धा मिनिट चोळावे. ऊब मिळाली की गोंद धरतो.
– पाळीच्या एक-दोन दिवस आधी लावावी आणि तीन दिवसांनी काढावी. ओरबाडू नये. अंघोळीत तेल लावून, कातडी दाबून धरून हळूहळू सोलावी.

जखम, गजकर्ण, नायटा असलेल्या जागी आणि गर्भारपणात पट्टी लावू नये. पट्टीवर थेट गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. साधी बँडेजची चिकटपट्टी किंवा पॅकिंगची टेप तर कधीच वापरू नये, कातडी निघून येईल.

शेक आणि गोळी

पट्टीपेक्षा स्वस्त आणि जास्त खात्रीचा उपाय घरातच आहे, तो म्हणजे शेक. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटावर सतत हलकी ऊब देणारी पट्टी बांधली, तेव्हा आयबुप्रोफेनच्या गोळीइतका गुण आला. ऊब ३९ अंशांच्या आसपास होती, म्हणजे अंगाला सोसेल एवढीच. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळली तरी चालते. कातडी लाल होईल इतके गरम नको, आणि शेक घेताना झोपी जाऊ नये.

गोळी घेणे पाप नाही. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करतात. म्हणून त्या कळ सुरू होताच घेतल्या तर गुण येतो, असह्य झाल्यावर घेतल्या तर उशीर होतो. पण कोणती, किती आणि किती दिवस, हे एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे. उपाशीपोटी घेऊ नये. दमा, पोटातला अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी तसे सांगावे. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता. ती घेतल्यावर काही दिवसांनी, अगदी महिना-दीड महिन्यानेही, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे असे झाले तर गोळी बंद करून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

आणि रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला पाळीचा थकवा दुप्पट जाणवतो. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पिशवी काढण्याची घाई नको

आता पत्रातल्या सर्वांत गंभीर प्रश्नाकडे येते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि राज्य हादरले. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे साधारण एकीची. त्यांतल्या कित्येक तरुण होत्या. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जाते तर औषध नाही. अशा बाईला कोणी "कॅन्सर होईल, काढून टाक" असे घाबरवले की ती उचल घेऊन ऑपरेशन करून घेते आणि पुन्हा त्याच फडात कोयता हाती घेते. कर्ज वाढते आणि शरीर खचते.

कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी अशा कारणांसाठी पिशवी काढावी लागते आणि तेव्हा ते ऑपरेशन जीव वाचवते. पण नुसत्या पाळीच्या कळांसाठी किंवा साध्या पांढऱ्या पाण्यासाठी तरुण बाईची पिशवी काढू नये. सोबत अंडाशये काढली तर त्याच दिवसापासून शरीर पाळी गेलेल्या वयाचे होते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितले. म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली तर तीन प्रश्न विचारायचे : नेमका आजार कोणता? औषधाने बरे होणार नाही का? अंडाशये ठेवणार की काढणार? उत्तरे कागदावर लिहून घ्या, सोनोग्राफीचे रिपोर्ट मागा, आणि सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझे उत्तर असे. मुलीला एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅलेंडरवर खुणा सुरू करा. व्यायाम तिच्यासोबत तुम्हीही करा, उभे राहून तुमचीही कंबर दुखत असेलच. शेक हाताशी ठेवा. पट्टी हवीच असेल तर एक रोल मैत्रिणींत वाटून आणा. तिच्या वडिलांना आणि भावाला सांगा की त्या दोन दिवसांत पाणी भरणे आणि भांडी त्यांनी करायची. आणि पिशवी काढण्याचे बोलणे तिच्या कानावर पुन्हा पडू देऊ नका. अकरावीतल्या मुलीने आपल्या शरीराला कटकट समजून मोठे होऊ नये.

तुमच्या बहिणीलाही हा अंक वाचून दाखवा. अंडाशये काढली आहेत का हे तिच्या कागदांवरून कळेल. काढली असतील तर हाडांसाठी कॅल्शियम आणि इतर उपचार यांबद्दल सरकारी रुग्णालयात विचारता येईल. तिच्यासाठीही वेळ गेलेली नाही.

दोन-तीन पाळ्या गेल्यावर मुलीला काय फरक पडला, ते अवश्य कळवा. गुण आला नाही तर तेही लिहा.